पाठीची निगा

पहिल्याच दिवशी तिला वर्गाच्या दारात अडवलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी अदबीने म्हणाली, "मावशी, फरशी जरा नंतर पुसाल का? आता तास सुरू होईल." युनिफॉर्म अजून शिंप्याकडे अडकलेला आणि कपाळावर पांढरी बट, तेव्हा त्या मुलीला तरी काय दोष द्यायचा. ती सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्या मुलीवर पुढे आठवडाभर तोंड लपवायची पाळी आली. शेवटी तडजोड म्हणून सगळ्या वर्गाने तिला काकू म्हणायला सुरुवात केली. ते नाव शिक्षकांनी उचललं, वॉर्डातल्या सिस्टरांनी उचललं, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या त्या बाईचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. आपणही तिला काकूच म्हणू.

काकू आधी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि घरी कोणीतरी थांबायला हवं म्हणून काकू थांबली. कोणीतरी म्हणजे सून, हे कुठल्याही घरात वेगळं सांगावं लागत नाही. या घरात मात्र सुनेच्या जोडीला सासरेही उभे राहिले. आप्पांनी जन्मभर बेकरीत पीठ मळलं होतं. बेकरीत मळायचं यंत्र आलं तेव्हा यंत्राने मळलेला गोळा बाजूला घेऊन ते तो पुन्हा हाताने मळायचे आणि मालकाच्या शिव्या खायचे. बायकोने अंथरूण धरलं तेव्हा ते नुकतेच घरी बसले होते, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं.

हॉस्पिटलातून घरी सोडताना तिथल्या एका सिस्टरने दोघांना जवळ बोलावून सांगितलं होतं, "पाठीला रोज स्पिरिट लावा, पावडर टाका आणि चांगलं चोळा. म्हणजे पाठ फुटायची नाही." आप्पांनी ते शब्द वरच्यावर झेलले. रोज संध्याकाळी काकूने सासूबाईंना कुशीवर धरायचं आणि आप्पांनी बाह्या सरसावून पाठ चोळायची, असा नेम पडला. जिथे लाल दिसेल तिथे जरा जास्त जोर लावायचा.

तरी शेवटी जखम झालीच. माकडहाडावरची जागा आधी लाल, मग काळसर झाली, आणि मग तिथे खड्डाच पडला. डॉक्टर म्हणाले, आजार मोठा आहे, व्हायचंच. सासूबाई गेल्या. त्यानंतर आप्पांच्या तोंडी एक वाक्य बसलं, आणि ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. "दोन वर्षं अंथरुणात काढली तिने, पण जखम एकच. हे हात नसते तर पाठीची चाळणी झाली असती." ऐकणारे मान डोलवत. काकूही डोलवायची, आणि तोंडदेखली नव्हे. तिलाही ते मनापासून पटलेलं होतं.

आप्पांनीच मग तिला नर्सिंगचं खूळ लावून दिलं. "तुला सगळं येतंच आहे," ते म्हणाले. "नुसतं सर्टिफिकेट तेवढं आणायचं." नवरा छापखान्यात मशीनवर होता. दुपारची पाळी, त्यामुळे सकाळी घर तो सांभाळू शकत होता. त्यानेही होकार दिला. सर्टिफिकेट तेवढं आणायला म्हणून काकू निघाली, आणि आगीतून फुफाट्यात जाऊन पडली.

कारण पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळली. तिला सगळं येत होतं हे खरं, पण ते सगळं चुकीचं येत होतं.

शिकवायला ट्यूटर बाई होत्या. किडकिडीत, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि आवाज असा की शेवटच्या खाटेवरचा रुग्ण दचकून उठून बसावा. त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते, सुरक्षित आणि आरामदायी. "रुग्णाची सेवा म्हणजे एवढंच," त्या म्हणाल्या. "बाकीचं पुस्तक हे या दोन शब्दांचं पाल्हाळ आहे." काकूला हायसं वाटलं. दोन शब्द तर कोणीही सांभाळील.

पण वॉर्डात गेल्यावर कळलं की हे दोन शब्द म्हणजे एका घरातल्या दोन जावा आहेत. चारचौघांत गळ्यात गळा, आणि आत एकीने केलेलं दुसरीला खपत नाही. रुग्णाला उशाकडून उंच करून बसवलं की त्याला बरं वाटतं, पण तो हळूहळू खाली घसरतो आणि पाठीची कातडी खरवडते. गुडघ्याखाली उशी दिली की तो सुखावतो, पण पायातलं रक्त साकळायची भीती. खाटेचे कठडे वर केले की पडायचा धोका टळला म्हणावा, तर एक म्हातारे शिंपी कठडा ओलांडून उतरायला निघाले, कारण कठडा नसता तर ते जितक्या उंचीवरून पडले असते त्याहून आता जास्त उंचीवरून पडणार होते. काकूने धावत जाऊन त्यांना धरलं. मग कठडा खाली घ्यावा की वर ठेवावा, हे तिने सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, "रुग्ण बघून ठरवायचं." हे उत्तर काकूला पुढे इतक्या वेळा मिळालं, की कधीकधी तिला वाटे, रुग्ण बघूनच ठरवायचं तर हे जाडजूड पुस्तक कशाला छापलं.

घरचं शिक्षण तर पावलोपावली आडवं यायचं. खाली घसरलेल्या रुग्णाला वर घ्यायला सांगितलं, की हिचे हात आपोआप त्याच्या काखेत जायचे. सासूबाईंना ती तशीच ओढायची. ट्यूटर बाई ओरडल्या, "काकू, खांदा निखळेल त्यांचा. आणि खालून कातडी सोलून निघेल ती वेगळीच. दोघींनी चादरीला धरा आणि उचला, ओढू नका." जेवण भरवायला बसली तर रुग्ण आडवाच. "ठसका लागून घास फुप्फुसात जाईल." पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी आणली, तर त्या पायाला संवेदनाच नव्हती. "भाजलं तरी त्यांना कळणार नाही." मऊ चक्रासारखी उशी माकडहाडाखाली द्यायला गेली, तर तीही नको. मधली जागा मोकळी राहते हे खरं, पण कडेने दाब पडून रक्त अडतं. काकू हात मागे घ्यायची. प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात मागे जाऊन सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेशी उभी राहायची. आपण आईंचा खांदा ओढला होता. आडवंच भरवलं होतं. चक्र तर आप्पांनी तीन दुकानं पालथी घालून आणलं होतं.

वर्गातल्या मुलींची पाटी कोरी होती, त्यांना लिहायला सोपं गेलं. काकूची पाटी आधीच भरलेली, आणि ती पुसायची कशी हे कोणी शिकवत नव्हतं.

पाठीच्या निगेचा धडा आला तेव्हा मात्र काकू सरसावून पुढच्या बाकावर बसली. हे तरी आपल्याला येतं. ट्यूटर बाईंनी डमीला कुशीवर वळवलं आणि हाडं टेकतात त्या जागा दाखवल्या. डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरं, माकडहाड, टाचा. "लाल डाग दिसला, तर बोटाने हलकं दाबून बघायचं. दाबल्यावर फिकं पडून परत लाल झालं, तर रक्त अजून फिरतंय. फिकं पडलंच नाही, तर आतलं मांस दुखावलं म्हणून समजा. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथे हाताला गरम लागतं का, कडक लागतं का ते बघा. मग काय करायचं?"

"चोळायचं," काकू म्हणाली. वर्गात सगळ्यांत आधी उत्तर दिल्याचा हा तिचा पहिलाच प्रसंग.

"नाही," ट्यूटर बाई म्हणाल्या. "नेमकं तेच करायचं नाही. आत नाजूक झालेलं मांस एकीकडे हाडावर घासतं आणि वरून तुमचा हात. जे वाचलं असतं तेही मरतं. दाब काढायचा, कूस बदलायची, जागा कोरडी ठेवायची. लाल जागेला कोणी हात लावायचा नाही. पाठीवर दुसरीकडे, जिथे कातडी धडधाकट आहे तिथे, हलका हात फिरवला तर चालेल. झोप लागते त्याने."

काकूने ते लिहून घेतलं नाही. तास संपल्यावर मुली बाहेर गेल्या, तरी ती बाकावरच होती. मग उठून ती ट्यूटर बाईंजवळ गेली.

"बाई, आम्हाला हॉस्पिटलातच सांगितलं होतं. चोळा म्हणून. लाल असेल तिथे चोळा."

"सांगितलं असणार," ट्यूटर बाई म्हणाल्या. "मीही सांगायचे. मी स्वतः शेकड्याने पाठी चोळल्या आहेत. आम्हाला परीक्षेत त्याचे मार्क होते."

"म्हणजे तेव्हा ते बरोबर होतं."

"तेव्हा बरोबर होतं."

"आणि आता चूक आहे."

ट्यूटर बाईंनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकाने बराच वेळ पुसला. "पाठ तर तेव्हाही अशीच होती," त्या म्हणाल्या. "मला विचारशील तर मी याचा विचार करायचं सोडून दिलंय. तूही सोड. तुला पुढे बऱ्याच पाठी बघायच्या आहेत."

हा सल्ला चांगला होता, पण काकूच्या स्वभावात बसणारा नव्हता. बसमध्ये, स्वयंपाकघरात, कपड्यांच्या घड्या करताना तिच्या डोक्यात एकच घोळ. आईंची ती जखम आजाराने झाली की हातांनी? हातांनी, तर कोणाच्या? चोळणाऱ्याच्या, की घट्ट धरून ठेवणारीच्या? की ज्या सिस्टरने सांगितलं तिच्या? आणि चोळलं नसतं तर जखम झालीच नसती, असं तरी कुठे आहे? डॉक्टर म्हणाले होते, आजार मोठा. एखादा सुटा धागा ओढावा आणि सगळा स्वेटर उसवत जावा, तसं तिचं झालं होतं.

घरी आप्पा वाटच बघत असायचे. "आज काय शिकवलं, सूनबाई?" हा रोजचा प्रश्न. काकू पलंगपोस कसा ताणायचा ते सांगायची, हात धुण्याच्या पायऱ्या सांगायची. त्या दिवशीही तिने हात धुण्याच्याच पायऱ्या सांगितल्या. आप्पा म्हणाले, "हे तर परवाच झालं होतं." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पाठीचं आलं की त्यांना सांग, आमच्याकडे कसं करायचो ते. त्यांनाही शिकायला मिळेल." काकू भांडी घासायला उठली, आणि भांडी घासलेलीच होती.

तिने ठरवून टाकलं, आप्पांना हे कधीच कळू द्यायचं नाही. बायको गेल्यावर माणसाकडे काय उरतं? आप्पांकडे ही एकच गोष्ट उरली होती, की तिच्यासाठी आपल्या हातांनी होईल ते सगळं केलं. ती काढून घेऊन कुठल्या परीक्षेत मार्क मिळणार होते? झाकली मूठ राहू दे झाकलेली.

ती झाकलेलीच राहिली असती, पण आप्पा पडले.

तेही सुरक्षित आणि आरामदायी या दोन जावांच्याच भांडणातून. घर सुरक्षित कसं ठेवावं हा धडा झाल्यापासून काकूने न्हाणीघराच्या दाराशी असलेलं सुटं पायपुसणं उचलून ठेवायचा सपाटा लावला होता. आप्पांच्या पायांना फरशी गार लागायची, ते पुन्हा आणून टाकायचे. तिने उचलायचं, त्यांनी टाकायचं. एका सकाळी ते पायपुसणं आप्पांना घेऊन सरकलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, आणि आप्पा घरी आले ते थेट त्याच खोलीत, त्याच खाटेवर.

पण आता काकूच्या हातात विद्या होती. तिने गादी बदलली. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी दिली, कुशीवर वळवताना दोन पायांच्या मध्ये उशी दिली, पाणी हाताशी ठेवलं, आणि नवऱ्याला सगळं दोनदा करून दाखवलं, कारण सकाळी ती वॉर्डात असणार आणि खाटेशी तो. आप्पा कुरकुरले. वळलं की दुखायचं. काकू घरात नसली की ते मुलाला पटवायचे, "राहू दे रे, आत्ताच तर डोळा लागलाय," आणि मुलगा बापाला दुखवायला नको म्हणून राहू द्यायचा. व्हायचं तेच झालं. एका दुपारी कूस बदलताना काकूला माकडहाडावर डाग दिसला. तिने बोटाने हलकं दाबलं. डाग फिका पडला नाही. जागा आजूबाजूपेक्षा गरम लागत होती.

"लाल झालंय का?" आप्पांनी विचारलं. पाठ स्वतःची असली तरी जाणकार ते होतेच.

"थोडंसं."

"मग बघतेस काय? आण पावडर. स्पिरिट कपाटात असेल, जुनं. जरा दाबून चोळ, संध्याकाळपर्यंत जाईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकूच्या तोंडून निघालं, "नको आप्पा. पावडर उडून टाक्यांत जाते. डॉक्टरांनी मनाई केलीय."

"टाके मांडीला. पाठीचा काय संबंध?"

"उडते ना ती."

आप्पांनी तिच्याकडे वळून पाहायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळली नाही. "बरं," ते म्हणाले. ते इतक्या सहज 'बरं' म्हणाले, तेव्हाच काकूला शंका यायला हवी होती. पण खोटं पचलं याच आनंदात ती होती. नवऱ्याला मात्र तिने बजावलं, काहीही झालं तरी कूस बदलायची, झोपले असले तरी. तो हो म्हणाला.

पुढचे काही दिवस डाग जाईना. काकू हैराण. पुस्तकात सांगितलं ते सगळं चाललं होतं, आता तर नवराही वेळच्या वेळी कूस बदलत होता, तरी डाग वाढतच होता. तिने ट्यूटर बाईंना विचारलं, सिस्टरला विचारलं, खाटेची चादर कडेपासून कडेपर्यंत चाचपून पाहिली, कुठे सुरकुती आहे का म्हणून. पुस्तक तर चुकत नाहीये ना, असंही एकदा तिच्या मनात आलं. कोणी सांगावं, अजून काही वर्षांनी पुन्हा चोळायला सांगतील.

मग एके दिवशी तिने आप्पांना कुशीवर घेतलं आणि तिला वास आला. स्पिरिटचा वास. सदऱ्याच्या घडीत पावडर अडकलेली होती. आणि डागाच्या मधोमध, भिजलेल्या कांद्याचं साल सुटावं तशी, वरची कातडी सुटून आली होती.

नवरा छापखान्यात जायला निघतच होता. तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, तुम्ही पाठ चोळता त्यांची?"

"मग? त्यांनी सांगितलं. म्हणाले, पावडर कमी घे, टाक्यांत जाऊ देऊ नकोस." तो डबा पिशवीत टाकत होता. "आईची नाही का चोळायचे ते? मी तर तेवढा जोरही लावत नाही. काय झालं?"

काकू म्हणाली, "काही नाही. तुम्हाला उशीर होतोय." तो गेला, आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. आपण आप्पांना वाचवायला एक खोटं बोललो आणि त्याच खोट्याच्या आडून ती जागा रोज सकाळी चोळली गेली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आप्पा वेडे नव्हते. पटेल असं कारण मिळालं नाही, म्हणून त्यांनी स्वतःला ठाऊक असलेला उपाय केला. आता जखमेचं तोंड उघडलं होतं. आधीच्या जखमेचं पुढे काय झालं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती खोलीत गेली, जखम स्वच्छ केली, सिस्टरने दिलेली पट्टी लावली, आप्पांना कुशीवर नीट ठेवलं आणि मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

"आप्पा, मी तुम्हाला पावडरचं खोटं सांगितलं होतं."

"माहीत आहे. पावडर कुठे एवढी उडते?"

"लाल जागा चोळायची नसते. पावडर असो, नसो. चोळल्याने ती वाढते. आतलं मांस आधीच नाजूक झालेलं असतं, त्यात वरून हात." तिला ट्यूटर बाईंचे शब्द आठवेनात. "खाली हाड असतं, आणि वरून..."

"खाली ओटा आणि वर हात," आप्पा म्हणाले. "मधल्या मध्ये पीठ. फार मळलं की तुटतं. तार राहत नाही त्याला. मग त्याचा पाव होत नाही, काही केल्या."

"हो."

"लाल असेल तिथेच चोळायचं नाही."

"तिथेच नाही."

पुढचा प्रश्न येणार हे काकूला ठाऊक होतं. सिस्टरनेच सांगितलं होतं, तेव्हा सगळेच तसं करायचे, आजारही मोठा होता, अशी सगळी उत्तरं तिने तयार ठेवली होती. पण आप्पांनी काही विचारलं नाही. "जाताना दार लोटून घे," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. पाळी संपवून आलेल्या नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, तर तो आधी आपल्या हातांकडे बघत बसला आणि मग चिडला. "त्यांना कशाला सांगितलंस? मला सांगायचंस, मी चोळणं बंद केलं असतं. कारण त्यांना कळायची काय गरज होती?"

खरंच की. हे तिला सुचलंच नव्हतं. नवऱ्याला सांगून भागलं असतं. पण मग आप्पांनी शेजाऱ्याला चोळायला सांगितलं असतं, पाहुण्याला सांगितलं असतं. सांगितलं असतं का? की तसं काहीच झालं नसतं, आणि आप्पा आपल्या हातांचा अभिमान घेऊन सुखाने जगले असते? सुरक्षित झालं, आरामदायी गेलं. की तेही तसं नव्हतं? ती अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिली. जे करायचं ते केलं असं वाटावं, तर वाटत नव्हतं. आणि चुकलं म्हणावं, तर कुठे चुकलं ते सापडत नव्हतं.

सकाळी वॉर्डात जाण्याआधी ती कूस बदलायला आप्पांच्या खोलीत गेली. ते जागे होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. तिने चादर धरली, त्यांना हळूच वळवलं, पाठीशी उशी लावली. मग आप्पा भिंतीकडे बघतच बोलू लागले.

"मी चोळायला लागलो की थोड्या वेळाने तुझी सासू म्हणायची, 'पुरे आता, तुमचे हात दुखतील.' आठवतं तुला?"

काकूला आठवत होतं. रोज म्हणायच्या त्या.

"मी म्हणायचो, पिठात मुरलेले हात आहेत हे, यांना काय होतंय. आणि आणखी चोळायचो. तिला दुखत होतं का गं?"

नाही, असं सांगायला किती सोपं होतं. त्यांची ती बाजू बधिर होती, असंही म्हणता आलं असतं, आणि ते निम्मं खरंही होतं. पण सासूबाईंना तिनेच धरून ठेवलेलं असायचं. त्यांचा चेहरा तिच्या खांद्याशी, तिला न दिसेल असा. तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही, आप्पा," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"मला माहीत आहे," आप्पा म्हणाले. "पोरगा माझी पाठ चोळत होता ना, चांगलं दुखत होतं मला. पहिल्या दिवसापासून दुखत होतं. पण इतक्या मायेने चोळत होता, की थांब म्हणवेना. मी म्हणायचो, पुरे रे आता, तुला कामावर जायला उशीर होईल."

काकूने डोळे पुसले, हात धुतले आणि दुसरी उशी त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये सरकवली.

"आप्पा, ही उशी टोचतेय का?"

"छे छे. ठीक आहे. तू जा, तुला उशीर होईल," ते म्हणाले. काकू उशीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"टोचतेय," आप्पा म्हणाले. "जरा खाली घे."